नाडी मोजायचं घड्याळ

ता. ४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्हा नर्सांच्या वॉर्डातली शिस्त आपल्या घरात जोरात चालू आहे. सकाळी बाबांना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवते, एकदम उभं राहू देत नाही. मग ब्लडप्रेशर, मग मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी. साठच्या वर भरली तरच हृदयाची गोळी. तुमचे भाऊ म्हणतात, त्यांच्या वडिलांचा मी पेशंट करून टाकलाय. त्यांना बोलायला काय जातंय, डबा घेतला की ते मोकळे.

मागच्या महिन्यात नाडी छप्पन्न भरली. गोळी थांबवली, डॉक्टरांना विचारलं आणि आईला भेटायला जायचं काढलेलं तिकीट परत केलं. आई अंथरुणाला खिळलीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याच दिवशी बाबांनी त्यांच्या घड्याळांच्या दुकानातली जुनी पेटी उघडली, एक स्टॉपवॉच दुरुस्त केलं आणि माझ्या हातात ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वाकडी करून मोजतेस म्हणून चुकतेस, म्हणाले. घड्याळजींपुढे मी काय बोलणार? पण तेव्हापासून नाडी कधी साठच्या खाली आली नाही.

जेवणावरून मात्र त्यांचं मन उडालंय. मळमळतं म्हणतात. काल दिवा पिवळा का लावलास म्हणून विचारत होते, दिवा रोजचाच होता. वयाचं असेल. रविवारी आईकडे निघते आहे.

माया आहेच, उत्तराचीही सवय ठेवा.
तुमची वहिनी

ता. ७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

समोरच्या दुकानात फोन करून गोळी थांबवा असा निरोप ठेवलाय, तो मिळाला असेलच. हे त्यामागचं कारण. हृदयाची ती गोळी अंगात साचली की भूक मरते, मळमळतं आणि समोरचं पिवळं दिसतं. असं झालं तर नाडी कितीही भरो, पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. वॉर्डात आकडा एक सांगतो आणि माणूस दुसरंच, तेव्हा आम्ही माणसाचं ऐकतो.

तुमचं काही चुकलंय असं मनातही आणू नका. तुम्ही लिहिलंत म्हणून मला कळलं. रजा मागितली आहे.

आशीर्वाद द्या.
तुमची नणंद

ता. १० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

बाबा दवाखान्यात आहेत, धोका टळलाय. रक्त तपासलं, गोळी तूर्त बंद आहे.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके मोजले, बावन्न. मी हट्टाने माझं स्टॉपवॉच लावून बसले होते. त्यांचं मिनिट संपलं तरी माझा काटा अजून वाटेतच होता. मी बाबांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यांनीच ते स्टॉपवॉच मंद करून ठेवलं होतं. नाडी कमी भरली की मी जायचं रद्द करते, आणि तिकडे माझी आई वाट बघत झुरतेय, हे त्यांना सहन होईना म्हणे. वन्सं, मला इतका राग आला की रडूच फुटलं. ती गोळी रोज माझ्या हाताने दिली मी. काही झालं असतं तर हा हात मी कुठे नेला असता? तेवढं मी त्यांना बोलले आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं.

लवकर या.
तुमची वहिनी

ता. २१ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस आणि आईंनी तुला ओळखलं, हे वाचून बरं वाटलं. इथे मला घरी आणल्यापासून आमची नर्सबाई लेक ऊठबस करायलाही परवानगी मागायला लावते. जेवण जातंय. गोळी आता अर्धी करून दिली आहे.

जीव माझा, तेव्हा तो कसा वापरायचा ते मी ठरवीन, असं मला वाटत होतं. गोळी देणारा हात तुझा होता, याचा मी विचारच केला नाही. त्याबद्दल म्हाताऱ्याला माफ कर.

आज सकाळी नाडी अठ्ठावन्न भरली. मुलीने गोळी दिली नाही, डॉक्टरांना विचारायला गेलीय. खरा आकडा लिहिलाय, आणि तरी सांगतो, परतीचं तिकीट काढू नकोस. आईंजवळ राहा.

तुझा,
बाबा