तिसऱ्या खांबाची चिठ्ठी

४ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं आणि बरं म्हणतेस, म्हणून पत्राचा घाट घातलाय. बातमी अशी की पुढच्या वर्षीच्या प्रगत इतिहासाच्या वर्गासाठी माझं नाव निघालंय. लगेच हुरळून जाऊ नकोस. नावं तिसांची निघालीत आणि जागा आहेत अठरा. बाईंनी सुट्टीत वाचायला तीन जाडजूड पुस्तकं दिलीत, शिवाय एक वही करायला सांगितलीय. घरातला एक अस्सल जुना कागद घ्यायचा आणि त्याला पाच प्रश्न विचारायचे: कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आपल्यापर्यंत कसा आला, आणि त्यात काय सांगायचं राहिलंय. वही बघूनच बाई अठरा जण निवडणार.

माझ्या एका मैत्रिणीकडे पणजोबांचं पदक आणि त्याबरोबरचं पत्र आहे, दुसरीकडे जहाजाचं तिकीट. मी बाबांना विचारलं, तर त्यांनी विजेचं बिल पुढे केलं आणि म्हणाले, ठेव जपून, हेही होईल जुनं. हसू आलं, पण लाजही वाटली गं. आपल्या घराला इतिहासच नाही की काय? आहे ती एक अण्णा आजोबांची गोष्ट. ते पुलावर राखणीला होते, पुलाला तडा गेल्याची चिठ्ठी त्यांनी कचेरीत पाठवली, साहेबाने ती दाबली, दुसऱ्या दिवशी पूल खचला आणि खापर आजोबांवर फुटलं. ही गोष्ट सांगताना बाबांच्या मानेची शीर अजून फुगते. पण नुसत्या शिरेवर बाई मार्क देणार नाहीत. तू पुस्तकं बांधतेस, रोज कागदांतच वावरतेस. काही असलं तर पाठव.

पुस्तकांवरची तुझी माया थोडी इकडेही वळव.

तुझी,
टिटवी

---

११ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत खळीत होते. मालकांनी पत्र उघडून माझ्यापुढे धरलं, त्यामुळे आता तुझ्या मार्कांची काळजी त्यांनाही लागलीय.

घराला इतिहास नाही म्हणून लाज वाटून घेऊ नकोस. इतिहास असला की काय होतं, ते तुला अजून माहीत नाही.

सोबत एक कागद पाठवतेय. अण्णांच्या हातची पुलाची चिठ्ठी. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलीय, हलक्या हाताने काढ. खळ लावायची नाही. चिकटपट्टी तर मुळीच नाही, चिकटपट्टी लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. जाड कागदाचे चार कोन कर, ते वहीला चिकटव आणि चिठ्ठीचे कोपरे त्यात अडकव. तुझ्या बाबाला मात्र इतक्यात दाखवू नकोस, त्याचं डोकं लगेच तापतं.

आणि बाईंनी पाच प्रश्न दिलेत ना, मग पाचही विचार. अडलं म्हणून एखादा गाळायचा नाही.

डोळ्यांना जप, पुस्तक नाकाला लावून वाचू नकोस.

तुझी,
आत्या

---

१७ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, तू बॉम्बच टाकलास! मला वाटलं होतं एखादं रेशनकार्ड पाठवशील. दोनच ओळी, पण वाचून अंगावर काटा आला. तिसऱ्या खांबाशी तडा आहे, आजच्या आज वाहतूक थांबवावी. खाली सही, तारीख आणि दुपारचा दीड. आजोबांचं अक्षर हुबेहूब बाबांसारखं, म्हणजे वाईट.

पहिले तीन प्रश्न चुटकीसरशी सुटले. चौथ्याशी गाडं अडलंय. चिठ्ठी कचेरीत पोचली आणि साहेबाने दाबली, तर ती कचेरीतच दबायला हवी. तुझ्याकडे कशी? मी वाचनालयात जाऊन त्या कचेरीचे जुने कागद पाहिले. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का आहे, अगदी पंखा दुरुस्तीच्या अर्जावरही. ह्यावर नाही. आधी वाटलं, ही नक्कल असेल. पण इतक्या घाईत पेन्सिलीने खरडणारा माणूस नक्कल कशाला करत बसेल?

बाबा म्हणतात, चिठ्ठी माणसाकरवी पाठवली होती. मग तो माणूस कोण? आजोबांनी त्याचं नाव कधीच का नाही घेतलं? मला तर दाट संशय आहे की खरा चोर तोच. तू काळजी करू नकोस, मी त्याला गाठतेच बघ. तो सापडला की माझी जागा पक्की.

उत्तर लवकर दे, कौतुक सावकाश केलंस तरी चालेल.

तुझी शेरलॉक नव्हे, टिटवीच

---

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. दुकानात फोन केला तर मालक म्हणाले की तू समोरच आहेस, पण हात मोकळे नाहीत म्हणतेस. तुझे हात कधी मोकळे नसतात, तरी तू हं म्हणायला येतेस.

मग काल बाबांना सहज विचारलं की आजोबांचा डबा पुलावर कोण न्यायचं. बाबा म्हणाले, ताई.

आत्या, मी कसल्या ऐटीत लिहिलं होतं तुला. चोर म्हटलं. गाठते म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी बाबांना काहीही सांगितलेलं नाही. चिठ्ठी पुठ्ठ्यांत घालून ठेवलीय, तू म्हणशील तेव्हा परत पाठवते. वहीत विजेचं बिल लावीन. जागा मिळाली नाही तरी चालेल.

रागाव, पण बोल.

टिटवी

---

६ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बिल भरून टाक म्हणावं बाबाला, ते वहीत लावायचं नाही. चिठ्ठी परत पाठवलीस तर मी घेणार नाही. लाजायचं तू नाहीस, मी आहे.

होय, तो माणूस मी. अकरा वर्षांची होते. डबा घेऊन गेले तेव्हा अण्णा तिसऱ्या खांबावर हातोडी ठोकून कान लावत होते. आवाज बसला की लोखंड आजारी, असं ते म्हणायचे. पूल सोडून त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली आणि सांगितलं, धावत जा, साहेबांच्याच हातात दे.

धावले. कचेरीच्या दारापर्यंत पोचलेसुद्धा. आतली फरशी अशी की तोंड दिसावं, आणि मी अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. दारावरच्या शिपायाने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आत दोन कारकून हसले. दुसऱ्याच कशाला हसले असतील, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही. म्हटलं, घरी जाऊन पाय धुऊन येते. घरी आले, पाय धुतले आणि परत जायचा धीरच झाला नाही. चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात सरकवली. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, दिलीस का. मी म्हटलं, दिली.

सकाळी पूल खचला. एका ट्रकवाल्याचा पाय गेला, कायमचा. चौकशीत अण्णांना तीनदा विचारलं की चिठ्ठी कोणाकरवी पाठवलीत. तिन्ही वेळा ते म्हणाले, माणसाकरवी. साहेब म्हणाले, थापा आहेत. नोकरी गेली. पुढे अण्णा मरेपर्यंत लोकांच्या गोदामांची दारं उघडत आणि लावत राहिले. मी पुस्तकात चिठ्ठी शोधली तर ती नव्हती. वाटलं, पडली कुठेतरी, सुटले. तेव्हा सुटले असं वाटलं, हे आठवलं की आजही मान वर होत नाही.

अण्णा गेल्यावर वर्षभराने मी बांधणी शिकायला लागले. सरावाला घरातली जुनी पुस्तकं घेतली. भूगोलाचं कव्हर सोडवलं तर आत ही चिठ्ठी. आम्हा भावंडांच्या पुस्तकांना कव्हरं अण्णाच घालायचे आणि वर नाव, इयत्ता, तारीख टाकायचे. ह्या कव्हरावरची तारीख चौकशीच्या दोन दिवस आधीची होती. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, टिटवे. ठाऊक असून ते तिथे उभे राहून थापाड्या ठरले.

आणि तुझा बाबा इतकी वर्षं त्या साहेबाला शिव्या घालतोय, मी शेजारी बसून मान डोलावतेय. साहेबाने ती चिठ्ठी पाहिलीच नव्हती. तुला ती का पाठवली, मलाच नीट कळत नाही. कोणीतरी चौथा प्रश्न विचारावा, असं वाटलं असेल. वहीत सगळं लिही. आणि हे पत्र बाबाला दे. माझ्याने तोंडाने सांगवत नाही. तो बोलायचा थांबला तर त्याचं बरोबर आहे.

तू मात्र टिवटिव थांबवू नकोस.

आत्या

---

१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र लिहायची मला सवय नाही, बस चालवणारा माणूस मी. चुकलंमाकलं तर हसू नकोस.

पोरीने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन अशी उभी राहिली की पूल तिनेच पाडलाय. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तुझ्यावर जाम चिडलो होतो. त्या साहेबाची सून रोज माझ्या बसने जाते. बारा वर्षं मी तिच्यासाठी बस थांब्याच्या वीस पावलं पुढे नेऊन थांबवतोय, मुद्दाम. पावसातसुद्धा. ती बिचारी पिशवी सावरत धावत येते आणि मी आरशात बघत बसतो. हे सगळं कशासाठी, तर न पोचलेल्या चिठ्ठीसाठी. तुझ्यावर चिडलो खरा, पण लाज माझी मलाच वाटत होती.

तिसऱ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि एका शब्दावर अडकलो. अनवाणी.

ताई, त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. तू डबा भरत होतीस, तेवढ्यात मी तुझ्या चपला घालून नदीकाठी पळालो. विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी एकच घेऊन परत आलो. तू आईला सांगितलंस की दुसरी तुझ्याच हातून वाहून गेली, आणि दोन धपाटे खाल्लेस. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. चपला पायात असत्या तर तू आत गेली असतीस. एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, सगळा दोष स्वतःवर घेतलास, पण ते तेवढं लिहिलं नाहीस. एकेचाळीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस.

काल बस बरोबर थांब्यावर उभी केली आणि त्या बाईंना नमस्कार केला. त्या घाबरून मागच्या दाराने चढल्या. होईल सवय हळूहळू.

पोरीच्या वहीत चार उत्तरं लिहून झालीत. पाचवी जागा कोरी होती, त्यात काय सांगायचं राहिलंय ती. शाळेतल्या बाई तिला वर्गात घेवोत न घेवोत, ती जागा तिने भरायची नव्हती. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि लिहिलं, मुलीच्या चपला तिच्या धाकट्या भावाने नेल्या होत्या. खाली सही केली, तारीख घातली.

रविवारी ये. लोभ ठेव असं लिहायची आता लाज वाटते, तरी ठेव.

तुझा,
धाकटा