राहिलेला ढावलो

वसमत,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप प्रेमदास भियास,

धाकट्या निलमचा नमस्कार. याडीला आणि वहिनीला पाया पडते म्हणून सांग.

भिया लिहावं की महाराज, इथंच आधी अडले. तिकडं जवळा बाजारला सप्ताहात सगळा गाव तुझ्या पाया पडत असेल आणि ही शहाणी तुला अरेतुरे करतेय. पण लहानपणी तू माझ्या वेण्या ओढल्यास, आता मला महाराज म्हणणं जमायचं नाही.

सप्ताहात तू फोनला शिवत नाहीस म्हणून हे पत्र. आपल्या तांड्यावरचा हिरासिंग पंगतीचा भाजीपाला टेम्पोतून घेऊन येतोय, त्याच्या हाती देते. आईला याडी, भावाला भिया, आत्याला फुफी म्हणत आपण बोलतो गोरमाटीत आणि लिहितो मराठीत. आपल्या बोलीत लिहायला कुणी शिकवलंच नाही, आणि मराठीची बाई होऊन मीही ते कुणाला शिकवलं नाही. त्यामुळं मनातलं सगळं कागदावर उतरेलच असं नाही.

इकडं हळदीची काढणी सुरू झालीय. शिजणाऱ्या हळदीचा वास थेट वर्गात येतो. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, पोरं पेंगतात, मी ओरडते. माझी तब्येत ठीक आहे.

मिना बरी आहे असं वहिनीला सांगितलंय. तुला तसं लिहिता येत नाही.

गेल्या आठवड्यात, तुझी लेक माझ्याकडं आलीय, एवढं फोनवर सांगितलं आणि तू पुढचं ऐकलंच नाहीस. "समजावून सांग तिला. रविवारी काल्याचं कीर्तन झालं की जावईबापूंना घेऊन येतो, तिथूनच सासरी धाडू," म्हणालास आणि फोन ठेवलास. ती कशी आली ते तरी विचारायचं होतंस. कनेरगाव नाक्यावर एसटीत बसली, हिंगोलीला गाडी बदलली, अंगावरच्या साडीनिशी. आपल्या तांड्याच्या फाट्यावर एसटी थांबली होती, भिया. ती उतरली नाही. मी म्हटलं, काहून गं? तर म्हणाली, "बापू पुन्हा गळ्यात माळ घालतीन."

मला आधी काही उमगलं नाही. मग गेल्या वैशाखातलं तिचं लग्न आठवलं.

तांड्यावरची म्हातारी रूपाबाई महिनाभर तिला ढावलो शिकवत होती. तू हल्ली त्याला रडगाणं म्हणतोस, म्हणून आठवण करून देते. निघताना लेक एकेकाच्या गळ्यात पडून गाते, आणि तिचं संपेपर्यंत त्यानं तिचे हात सोडवायचे नाहीत, अशी आपल्या तांड्याची रीत. एरवी बापापुढं मान वर न करणारी पोर तेवढ्या वेळात बापाला काहीही म्हणू शकते. आपल्या भिकाबाई फुफीनं आज्याच्या गळ्यात पडून होणाऱ्या सासरचं काय काय गायलं, आणि आज्यानं जुंपलेले बैल सोडले. वऱ्हाड रिकामं गेलं. फुफी पुढं दुसऱ्या घरी नांदली, नातवंडं बघून गेली. ही गोष्ट मला तूच सांगितली होतीस, अंगणात, मी परकरात असताना.

आणि मिनाच्या मांडवात तू माईक घेऊन म्हणालास, मंगलप्रसंगी रडणं म्हणजे अज्ञान, लेक लक्ष्मी होऊन चाललीय, नामस्मरण करा. मिना तुझ्या गळ्यात पडली, तिनं सूर धरला. तू तिचे हात सोडवलेस, तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातलीस आणि म्हणालास, "रामकृष्ण हरी म्हण, बेटा." भोंग्यावर भजन लागलं. ती म्हणाली रामकृष्ण हरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांच्यापुढं आपल्या बायकांचं गळ्यात पडून रडणं झालं नाही म्हणून मलाही हायसंच वाटलं. तू देवापायी लाजलास, मी शिक्षणापायी. एकटी रूपाबाई बडबडत होती, "पोरीच्या पोटात राह्यलं ते. तकलीफ देईन, महाराज." तू हसलास, आणि बोलेरो निघाली.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

मिनाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आधी वाटलं, पोर रुसलीय, हाकेला ओ देत नाही. मग लक्षात आलं की डावीकडून मारलेल्या हाकेलाच देत नाही. डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, पडदा फाटलाय, कशानं? ही म्हणाली, मोरीत घसरले. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि औषध लिहून दिलं. रिक्षात बसल्यावर तिनं खरं सांगितलं, नवऱ्यानं कानाखाली मारली होती. पाहुण्यांसमोर ताट वाढायला उशीर झाला, एवढंच निमित्त. ते काही पहिल्यांदा नव्हतं. सासूला सांगायला गेली तर सासू म्हणाली, "महाराजाची पोरगी हाईस ना? मंग सोसून घ्यायला शिक. नाम घे." ती घेत होती, भिया. मार खाताना घेत होती.

परवा दुपारी शाळेतून लवकर आले तर जिन्यातच आवाज कानावर आला. एकाच कानानं ऐकू येतं, म्हणून आपण किती मोठ्यानं गातोय ते तिला कळत नाही. शेजारच्या अपर्णाताई, देवळातल्या गुरुजींच्या सूनबाई, दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय गाऊन राहिली हो ही? एक शब्द कळंना, अन् रडू तर आवरंना." आत मिना भिंतीजवळच्या वळकटीला मिठी मारून बसली होती. वळकटीला गळा समजून ढावलो गात होती. तुझ्यासाठी शिकलेला, मांडवात राहिलेला.

चाल मला लिहिता येत नाही. शब्द मराठीत देते. बापू, तू पंढरीची माळ घातलीस तेव्हा घरात दिवाळी झाली, मी तुझे टाळ पुसून ठेवले. बापू, तू हजार लोकांचं ऐकतोस, माझं एक ऐक. त्या घरात माझ्याआधी एक आली होती, ती का पळाली ते तिथल्या बायका कुजबुजतात, तुला कुणी सांगत नाही. मी हळदीच्या अंगानं सांगतेय. बैल सोड, बापू, बैल सोड.

तिला ठाऊक होतं. ती तुला सांगणारच होती, आणि सांगायला तिच्यापाशी तेवढीच एक जागा होती. तू विरहिणी सांगायला लागलास की मंडपातले बाप्येसुद्धा उपरण्यानं डोळे पुसतात, मी पाहिलंय. संतांनी बाईच्या आवाजात फोडलेला टाहो तुला भक्ती वाटतो. मग पोटच्या पोरीनं स्वतःच्या आवाजात फोडला तर ते अज्ञान कसं रे? माझा राग येतो तुला, येऊ दे. मलाही तुझा येतोय.

तू माळ का घातलीस ते मला ठाऊक आहे. बा पिऊन याडीला मारायचा आणि तू मला पाठीशी घेऊन दारात उभा राहायचास. तू म्हणायचास, मी असा होणार नाही. झाला नाहीस. थेंबाला शिवला नाहीस, वहिनीवर कधी हात उगारला नाहीस. तुझं बघून तांड्यावरची कितीतरी पोरं सुधारली, शाळेत गेली. हे मी कुणापुढंही सांगेन. म्हणूनच मला समजत नाही की याडीसाठी दारात उभा राहणारा माझा भाऊ लेकीला त्याच माराकडं परत कसा पाठवतोय.

रविवारी ये. एकटा ये. जावयाला आणलंस तर मी दार उघडणार नाही, मग बाहेर महाराज उभे असोत की आणखी कुणी. माळ काढून येऊ नकोस. देवानं आपलं काही वाईट केलेलं नाही. फक्त तिच्या तोंडात नाम घालू नकोस. ती तुझ्या गळ्यात पडेल, तिचं संपू दे, हात सोडवू नकोस.

मग तुला काही बोलावंसं वाटलं तर तिच्या उजव्या बाजूला बसून बोल. डावीकडून बापाचा आवाज तिच्यापर्यंत आता पोचत नाही.

बैल सोडणाऱ्या आज्याची नात, आणि तुझी बहीण,
निलम