चारशे किलोंची स्प्रिंग

४ मार्च, सकाळी
मागच्या दाराची स्प्रिंग तुटली. दार आपोआप लागत नाही, कडीही मोडकी. बाहेर लगेच उतरत्या पायऱ्या, आणि चिरंजीव नुकतेच चालायला लागलेले. हिने नवीन स्प्रिंग आणलीय. आज बसवणारच. आधी गणित, मग हात.

४ मार्च, दुपारी
स्प्रिंगला साखरेची किलोभराची पिशवी टांगली. पाच सेंटिमीटर लांबली. हुकात अडकवायला वीस ताणावी लागेल. एक किलो म्हणजे दहा न्यूटन. भागिले ०.०५ मीटर, दोनशे. गुणिले वीस. चार हजार न्यूटन! म्हणजे चारशे किलो! दोनदा तपासलं.

५ मार्च
हिला सांगितलं. म्हणाली, एका किलोला पाच, तर वीसला चारच किलो ना? मी समजूतदारपणे हसलो. फिजिक्स म्हणजे वाणसामान नव्हे. हातातून सुटली तर भिंत फोडून शेजाऱ्यांकडे जाईल. आधीच ते आमच्याशी बोलत नाहीत.

६ मार्च
स्प्रिंग दोन गाद्यांच्या मधे ठेवली. आईने विचारलं, न ताणलेल्या स्प्रिंगची कसली भीती? आईला सुप्त शक्ती कळत नाही. दाराला खुर्ची लावलीय. तात्पुरती, पण भक्कम.

८ मार्च, संध्याकाळी
मी हेल्मेट घालून धीर गोळा करत बसलो होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धावलो. चिरंजीव वरच्या पायरीवर, एक पाय हवेत. आईने मागून झबलं धरलं आणि त्याला छातीशी घेऊन तिथेच बसली. मग म्हणाली, "तू स्प्रिंगला भितोस. मी या पायऱ्यांना भिते."
उद्या नक्की. काहीही होवो.

९ मार्च, सकाळी
हेल्मेट, हातमोजे, दोन स्वेटर. सगळ्यांना पुढच्या खोलीत पाठवलं. आईला विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. स्प्रिंग घेऊन दारापाशी गेलो. ती हळूच उंबऱ्यावर ठेवली. घोटभर पाणी प्यायला आत आलो.
परत गेलो, तर स्प्रिंग बसलेली. हिने एका हाताने ताणून अडकवली होती. कडेवर चिरंजीव. "झालं," म्हणाली, त्याला आईकडे दिलं आणि ऑफिसला गेली.

९ मार्च, दुपारी
दार छान लागतंय. गणित पुन्हा तपासलं. बरोबरच आहे. चारशे किलो. एका हाताने.
आणि अशा बाईवर मी इतकी वर्षं आवाज चढवत आलो. यापुढे जपून.