न म्हटलेलं ‘येते’

कांजूरमार्ग

आये, तुझ्या पाया पडते.

आम्ही सगळे बरे आहोत. कोकमाची सोलं पोचली. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितेय. आमच्या शेजारचे गुणाजीकाका गेले. मी शेवंतीकाकूंजवळ जाऊन बसले आणि उठताना सवयीने बोलून गेले, “येते हां काकू!” मयताच्या घरातून निघताना असं म्हणायचं नसतं, तूच शिकवलेलंस ना! काकूंची नणंद अशी बघत राहिली की वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तुझे जावई घरी येऊन म्हणाले, “वाट लावलीस यार.”

दुसऱ्या दिवशी जिन्यात तोंड लपवून निघाले होते, तर काकूंनीच हाक मारली. म्हणाल्या, “काल सगळी मुकाट्यान गेली गो. येतंय म्हणणारी तू एकटीच. मगे ये हां.”

तेव्हा जास्तच लाज वाटली. बाबांचं दिवसकार्य आटपून निघताना मीसुद्धा, म्हणायचं नसतं म्हणून, काही न बोलता एसटीत बसले होते. तू दारातच उभी होतीस.

आये, येते हां.

तुझी मानसी