डोळ्यातला दुसरा माणूस

३ जून, रविवार
पोचले एकदाची! कीतो शहरापासून अडीच तास, त्यातला शेवटचा अर्धा तास उघड्या ट्रकमध्ये मागे बसून. हाडं खिळखिळी झाली, पण हवा काय सुरेख! पाहुणेघराच्या मालकीणबाई, दोन्या एर्मेलिंदा, दारातच उभ्या होत्या. काम सोपं आहे. पाहुणे सकाळी जंगलातल्या वाटेवर फिरून फोटो काढतात, त्यातले पक्षी मी ओळखून द्यायचे. बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यावर ही तर चैनच! जेवायला चीज घातलेलं बटाट्याचं सूप होतं. दोन्या एर्मेलिंदा म्हणाल्या, तुम्ही शहरातल्या बायका चिमणीएवढं खाता. तीन वाडगे संपवून मी त्यांचं तोंड बंद केलं. शनिवारी माझी लेक येणार, हिमेना. बाईसाहेबांनी नवा कॅमेरा घेतलाय.

५ जून
एकशेचाळीस फोटो. टूकॅन, पोपट, हमिंगबर्ड पटापट ओळखले. एका तपकिरी पक्ष्याने मात्र घाम काढला. आमच्या कामात ओळख पटली नाही की ‘मादी असावी’ लिहून मोकळं व्हायचं, पण मी पडले हट्टी. बुबुळाचा रंग बघायला डोळा मोठा केला. जवळून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या डोळ्यात फोटो काढणारा दिसतो. दिसलाही, आमचा डच पाहुणा योस्ट, पांढऱ्या टोपीत. आणि त्याच्या मागे पिवळ्या रेनकोटातला कुणीतरी.

योस्टला विचारलं. म्हणे, मी एकटाच होतो, बाई, चष्मा बदला आता! दोन्या एर्मेलिंदांनी मात्र फोटो पाहिला आणि रेनकोटावर बोट ठेवलं. तो रेनकोट त्यांच्या वाटाड्याचा, क्लेवेरचा. मार्चमध्ये त्या वाटेवर गेला तो परत आलाच नाही.

६ जून
योस्ट सकाळी गेला, जेवायला आला नाही. वाटेवर त्याचा कॅमेरा सापडला, चालूच होता. शेवटचा फोटो त्याच पक्ष्याचा. डोळ्यात योस्ट, आणि क्लेवेर आता त्याला अगदी खेटून. पोलीस म्हणाले, पाय घसरला असेल. मी फोटो दाखवला तर हसले मेले. मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

७ जून
हिमेनाला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. का म्हणून विचारत राहिली. काय सांगू? गेलेली माणसं पक्ष्याच्या डोळ्यात दिसतात म्हणून? म्हणाली, आई, तू आजारी आहेस आणि लपवतेयस. मी ओरडले. तिने फोन ठेवला. ओरडायला नको होतं.

८ जून
आजच निघाली पोरटी! माझ्या काळजीने, एक दिवस आधी. ट्रकच्या थांब्यावरून फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय — उतरले गं, घ्यायला ये. हा कोण? ओळख बघू, बाई!
तपकिरी.
डोळा मोठा केला. माझी हिमू. तिच्या मागे पांढरी टोपी.
धावले. थांब्यावर बॅग. नुसती बॅग —

१० जून
दोन दिवस हाका मारतेय. घसा बसला. दोन्या एर्मेलिंदा म्हणतात, चला, तुम्हाला कीतोला सोडते. लेकीला इथे टाकून? कुठल्या तोंडाने —

११ जून
सकाळ. लख्ख ऊन. खिडकीबाहेर फांदीवर तो बसलाय. माझ्याकडेच बघतोय.
वळून पाहिलं. खोलीत कुणी नाही.
पण त्याच्या डोळ्यात असेल. असणारच. फोटो काढला की मी संपले, कळतंय मला. दोन्या एर्मेलिंदा दार ठोठावतायत, उघडा म्हणतायत. नाही उघडत. एकदा बघायचंय तिला. एकदाच.
काढला.
मोठा करतेय — माझे पिकले केस — मागे —
आहे! माझी हिमू आहे! तोंड उघडलंय. ओरडतेय. पळ म्हणतेय का?
नाही गं बाळा. नाही पळत. आलेच मी, तू फक्त हात —