चांदीच्या नांगराची चिठ्ठी

अमरावती, माघ वद्य, शके १७८६

तीर्थरूप जानरावभाऊजी यांच्या सेवेशी, आपला मेहुणा चंद्रभान याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून (आणि पुढचा मजकूर लक्षात घेता मान जरा जास्तच खाली घालून) नमस्कार. इकडे सगळे सुखरूप आहोत. आपला गुडघा कसा आहे, तेल चोळता की नुसतेच बुधल्यात ठेवता, लाल गाय व्याली का, वेचणीला बाया मिळाल्या का, हे सविस्तर कळवावे. इथल्या बाजारात कापसाच्या गाड्यांनी पायवाटसुद्धा ठेवलेली नाही. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली आणि इकडे वऱ्हाडात सोने पिकू लागले. भाऊबंदकीत कोणाचे भले झालेले मी तरी हे पहिलेच पाहतो आहे.

आपण मागे विचारले होते, की मास्तरकी सोडून मी हल्ली करतो तरी काय. कचेरीमागच्या दिवाणखान्यात साहेबांनी अजबखाना मांडला आहे. वऱ्हाडातले लोक घरात आणि शेतात जे जे वापरतात ते तिथे लोकांना पाहण्यासाठी ठेवायचे, आणि प्रत्येक वस्तूखाली ती काय, कुठली, कोणाची, कशाच्या उपयोगाची, हे साध्या मराठीत लिहून लावायचे. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. साहेबांचा हुकूम असा, की चिठ्ठी रस्त्यावरून आलेल्या कोणालाही समजली पाहिजे. मी म्हटले, साहेब, रस्त्यावरून येतात त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही. ते म्हणाले, मग तू वाचून दाखव. तेव्हापासून मी दिवसभर उभा आहे (आपल्या गुडघ्याची चौकशी मी उगाच केलेली नाही).

साहेबांना हव्या होत्या रोजच्या, झिजलेल्या, हाताळून काळ्या पडलेल्या वस्तू. दवंडीही तशीच पिटली होती. पण सरकारदारी पाठवायची वस्तू, तीवर आपले नाव लागणार, आणि ती झिजलेली? सोयरे काय म्हणतील? तेव्हा जे आले ते सगळे कोरे करकरीत आले. मुसळे आली, त्यांनी दाणा पाहिलेला नाही. सुपे आली, त्यांना कडेने जर लावलेली. एक केरसुणी तर अशी गोंडे लावून आली, की तिने झाडायचे सोडून तिच्यासमोर हात जोडून बसावेसे वाटे. आपले खुशालराव (आपली आणि त्यांची चुरस मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो, त्यांनाही आपल्याला हसता येऊ नये असे काही ते करून बसले आहेत) त्यांनी झुली घातलेली बैलजोडीच पाठवून दिली. ती ओसरीवर बांधली. मी चिठ्ठी लिहून डाव्या बैलाच्या गळ्यात अडकवली, ती उजव्याने खाल्ली. दुसरी लिहिली, तीही खाल्ली. साहेबांनी विचारले, या वस्तूची माहिती कुठे आहे? मी म्हटले, वस्तूच्या पोटात आहे.

पण भाऊजी, गंमत सोडली तर या कामाने मला विचारात पाडले आहे. माणूस तोंडाने काही सांगू लागला की ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहून खरे-खोटे ठरवतो. चिठ्ठीला तोंड नसते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. जी बाई मला भाजीच्या भावात फसवू देत नाही ती मी चिठ्ठी वाचली की मान डोलावते. हे पाहिले की मी चटकन पुढच्या वस्तूकडे वळतो, कारण काय लिहिले आहे ते मला माहीत असते.

आता आपल्या नांगराकडे येतो. आपण चांदीचा फाळ बसवलेला जो नांगर पाठवला, तो अजबखान्याच्या मधोमध ठेवला आहे. त्याखाली "याच नांगराने वरूडचे जानराव आपली जमीन नांगरतात" असे लिही म्हणून आपला निरोप आला. काळ्या मातीत चांदी वाकेल, असे मी उलट कळवले. त्यावर आपला निरोप, "लिहाले काय जाते तुह्यं?" शेवटी मी पडलो बायकोचा भाऊ. लिहिले. परवा साहेब मोजणीखात्यातल्या एका गृहस्थाला घेऊन आले. मी चिठ्ठी वाचून दाखवली. साहेबांनी विचारले, सगळे शेतकरी असाच नांगर वापरतात काय? मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभे असलेले खुशालराव म्हणाले, "हा तं लहान हाय साहेब!" मोजणीच्या गृहस्थाने खिशातून पेन्सिल काढली आणि आपल्या गावाचे नाव उतरून घेतले. उन्हाळ्यात मोजणी आपल्याकडे येणार आहे आणि जो शेतसारा ठरेल तो पुढची तीस वर्षे भरायचा आहे, हे आपणास सांगायला नकोच. ही बातमी फुटल्यापासून ज्यांनी मोठेपणाच्या चिठ्ठ्या लिहवून घेतल्या ते सगळे त्या बदलायला माझ्या दारात उभे आहेत. जरीच्या सुपाचा मालक म्हणतो, सूप उसने आहे असे लिहा. खुशालराव म्हणतात, बैल माझे नाहीतच. आधी एक खोटे लिहिले, आता त्याच्या उलटे खोटे लिहायचे, एवढाच फरक.

आणि याच गर्दीत गोदाबाई आली. अंबादेवीच्या दर्शनाला आपण तिला शेजारणींबरोबर पाठवले होते, तेव्हा ती येता येता भावाचे काम पाहायला आत शिरली. एकेक चिठ्ठी तिने माझ्याकडून वाचून घेतली. आपल्या नांगरापाशी आली आणि थांबली. म्हणाली, "चंद्रभान, हा तं देव्हाऱ्यातला नांगर हाय. यानं माती कवा पाह्यली? खरा नांगर गोठ्यात पडला हाय, तो आन." मी म्हटले, आणतो, भाऊजींचा नांगर म्हणून लावतो. तिने चिठ्ठीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "चिठ्ठीत खरंच लिवतोस ना?"

आपण ज्या साली तापाने खाटेवर होतात, गडी रेल्वेच्या मातीकामाला पळाले होते आणि शेतात हराळी माजून वखराने भागेना, त्या साली आपल्या चुलतभावाने येऊन नांगरून दिले, ही हकीकत आजवर मीही खरी धरून चाललो होतो. नांगर तिने धरला होता, भाऊजी. भल्या पहाटे, कोणी उठायच्या आत, रोज थोडा थोडा. हाताला फोड आले म्हणून मुठीला लुगड्याची चिंधी बांधली, ती म्हणे अजून तशीच आहे. बाईने नांगराला हात लावला की पाऊस जातो, म्हणून आपण आणि तिने मिळून गप्प राहायचे ठरवले, हेही तिनेच सांगितले. मी विचारले, इतकी वर्षे मला का नाही सांगितलेस? तर म्हणाली, "तू कवा इचारलं?" लोकांच्या केरसुण्यांची आणि बैलांची माहिती लिहिणारा मी, आणि सख्ख्या बहिणीची मला माहिती नाही.

तेव्हा हात जोडून विनंती, की तो जुना नांगर पाठवावा, आणि त्याखाली जे खरे आहे ते लिहायची परवानगी द्यावी. यात आपलाही फायदा आहे. तो नांगर पाहिला तर मोजणीवाल्यांना वरूडच्या चांदीचा विसर पडेल. लोक हसतील, विशेषतः खुशालराव हसतील, अशी आपणास धास्ती वाटेल. पण हसतील ते आधी मला हसतील, कारण वाचून दाखवणारा मी आहे. राहता राहिला पाऊस. त्या साली तो चांगला पडला होता. (फक्त पुरुषांनी नांगर धरलेल्या कितीतरी साली पडला नाही, पण ते मी चिठ्ठीत घालणार नाही.) आपण नाही म्हणालात तर मी काही लिहिणार नाही, कारण ती आपल्या घरात नांदते आणि मी दूर अमरावतीत आहे. पण नाही म्हणण्यापूर्वी एकदा तिच्या हातांकडे पाहावे.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही शिल्लक राहावा.

आपला,
चंद्रभान

ता. क. चांदीचा नांगर परत पाठवावा की कसे? फाळ धुळीने काळा पडतो आणि रोज घासावा लागतो. शेतात गेला असता तर आपोआप घासला गेला असता.

आणखी ता. क. वरील पत्र मिटले आणि दारात आपला गडी नत्थुजी कापसाची गाडी घेऊन उभा. कापसाखाली दडवून त्याने जुना नांगर आणला आहे, मुठीच्या चिंधीसकट. गोदाबाईचा निरोप जसाच्या तसा देतो: "लावून टाक. त्याइले मी सांगतो काय सांगाचं ते." तेव्हा माझी विनंती रद्द समजावी आणि आपण गोठ्यात नांगर शोधत बसू नये. बैल दमले म्हणून नत्थुजी एक दिवस इथेच राहिला, आणि हे पत्र त्याच्याच हाती द्यायचे, म्हणून तेही राहिले.

शेवटचा ता. क. चिठ्ठी आज सकाळी लावली. "नांगर, बाभळीचा. गाव वरूड. हराळी माजली त्या साली हा गोदाबाईने धरला. त्या साली पाऊस चांगला झाला." पुरुष ऐकून हसले, हे कबूल करतो. बाया हसल्या नाहीत. ते गेल्यावर त्या मागे राहिल्या आणि पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचली. दुपारी एक म्हातारी सगळ्या निघून जाईपर्यंत थांबली, इकडे तिकडे पाहून जवळ आली आणि म्हणाली, "मास्तर, मी बी धरला होता. दोन सालं." खुशालरावांच्या मातोश्री, पार्बताबाई. मी विचारले, आजी, तुमचा नांगर कुठे आहे? त्या म्हणाल्या, "नांगर येईन मागून. तू आंधी चिठ्ठी लाव."