दहा लाख एक

धुळे, ३ मार्च १९६८
यांची जळगावला बदली. दोन खोल्या पाहून आले. एकीला खिडकी, "तिथं तुझं लिहायचं टेबल." मोठे दीर आबा म्हणाले, "बदली त्याची. बिऱ्हाड इथंच." दहा लाख एक रामनामं लिहायची, घराचे कधी भाग पडू नयेत म्हणून, हा त्यांचा संकल्प. वरचा एक कशाला? "त्यानं आकडा अभंग होतो. कशानंच भाग जात नाही." तीस वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारत गणित शिकवलं, ते हे. लिहितो आम्ही, मोठ्या जाऊबाई अक्का आणि मी. पाच वर्षं.

९ मार्च
शेवटची वही. किती पानं राहिली, म्हणून हिशेब मांडला. पानाला एकशे एक नावं, शकुनाची. शेवटच्या एकट्या उरणाऱ्या नावासाठी आबांनी जाड कागद जपून ठेवलाय. ते स्वहस्ते लिहिणार. पण ९,९०१ पानं पूर्ण भरतात. बाकी शून्य. तीनदा केलं. एकशे एकनं भाग जातो, आणि तो एकशे एक रोज आमच्या हाताखाली! मी तरी काय मोठी, बी. ए. म्हणे.

अक्कांना दाखवलं. लिहून लिहून त्यांच्या बोटाला घट्टा पडलाय. हसल्या. "मंग त्यास्ना कागद कोराच ऱ्हाई."

१४ मार्च
जेवताना सांगितलं.
"बायकांची मोजणी चुकली असेल."
"मोजणी नाही आबा, गुणाकार आहे."
वर्तमानपत्राच्या कडेला स्वतः केला. दोनदा. चष्मा पुसला. मग, "आणखी एक लिहा."
"दहा लाख दोन? त्याला तर दोननंच..."
अक्कांनी तोंडाला पदर लावला.
"तीन!" म्हणाले, आणि ताटावरून उठले. हे वरणभात कालवत राहिले. पाठीचा कणा म्हणून एक वस्तू असते.

१ एप्रिल
हे एकटेच गेले. खिडकी पण त्यांनाच.

११ एप्रिल
शेवटचं पान भरलं. वरची दोन नावं आबांनी जाड कागदावर लिहिली, कागद देवघरात चिकटवला. म्हणे आता घर अभंग. या आकड्यालाही भाजक मिळाला तर आबांचं तोंड बंद, आणि मी जळगावला. हजारापर्यंतच्या मूळ संख्या पाहायच्या. सातनं बाकी चार. अकरा, चार. तेरा, चार. चिडवल्यासारखं.

२६ एप्रिल
यांचं पत्र. 'टेबल घेतलं. एक पाय हलतो.' एवढंच. दुपारभर वाचत बसले.

४ मे
एकशे एकनं बाकी दोन. ती जाड कागदावरचीच. अजून कुणी भागत नाही.

अक्का शेजारी येऊन बसल्या, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "आन भाग नही गया तं? तू काय आकडा शे का वं?"

माझी ट्रंक त्यांनी माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. त्यांच्या बोटाला खोबरेल लावून दिलं. पेन्सिल परत मागितली.

एकशे तीन. बाकी एकोणऐंशी.